टॉलस्टॉयच्या शेवटच्या स्टेशनावर, सोबत एक रिटायर्ड स्टेशनमास्तर

पुस्तक मी वाचलं आणि पैसे ह्यांच्या पीएफमधून गेले, असा सरळ हिशोब आहे, त्यामुळे या ट्रिपबद्दल ह्यांनी जी काही कुरकुर केली ती मी निमूट ऐकून घेतली.

पुस्तक म्हणजे जे पारिनी या अमेरिकन लेखकाची 'द लास्ट स्टेशन', 1990 ची कादंबरी. टॉलस्टॉयचं शेवटचं वर्ष, 1910. अहिंसेचा एवढा मोठा पुरस्कर्ता, गांधीजींनी ज्याला गुरू मानलं तो माणूस, आणि घरात मात्र रोज रणकंदन. बायको सोन्या एकीकडे, पट्टशिष्य चेर्त्कोव दुसरीकडे, मध्ये धाकटी मुलगी साशा, डॉक्टर माकोवित्स्की आणि नवा तरुण सेक्रेटरी बुल्गाकोव. त्या घरात जो तो डायरी लिहीत होता. पारिनीला नेपल्समधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात बुल्गाकोवची डायरी सापडली आणि तिथून कादंबरी सुरू झाली. प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाच्या तोंडून येतं. एकाचं वाचलं की वाटतं याचंच बरोबर, पान उलटलं की दुसऱ्याचं बरोबर. अगदी आपल्याकडच्या वाटणीच्या भांडणासारखं.

आता ह्यांच्याविषयी. 34 वर्षं रेल्वेत, त्यातली बरीचशी दौंड-मनमाड लाइनवर स्टेशनमास्तर म्हणून. घराणं माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकवत नाहीत. कादंबऱ्या वाचत नाहीत. "ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा घर सोडून रात्री पळाला आणि एका स्टेशनवर वारला" एवढं मी सांगितलं तेव्हा पेपरमधून डोकं वर काढून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जंक्शन होतं का?"

तिसरा मेंबर माझा भाचा. तिकडे एमबीबीएसला आहे, तिसऱ्या वर्षाला, रशियन फाडफाड बोलतो. तो नसता तर आम्ही एअरपोर्टवरूनच परत आलो असतो.

दिवस पहिला : मॉस्को

मॉस्कोबद्दल नेटवर ढीगभर सापडेल, मी लिहीत नाही. फक्त कामाचं तेवढं सांगते. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, त्यात त्रास नाही. पण आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिकडे चालत नाही, कुठलंच नाही, त्यामुळे डॉलर घेऊन जा आणि नोटा कोऱ्या करकरीत घ्या, घडी पडलेली नोट परत करतात. रेड स्क्वेअरच्या आसपास जीपीएस गंडतं, मॅपवर आम्ही चक्क एअरपोर्टवर उभे दिसत होतो, म्हणून टॅक्सी बोलावताना पत्ता हाताने टाका.

माळकऱ्यांसाठी एक वाक्य पाठ करा : "ब्येझ म्यासा", म्हणजे मांसाशिवाय. हे एवढं म्हणूनही पहिल्या बोर्शमध्ये (बीटाच्या सूपमध्ये) मांसाचा तुकडा निघालाच आणि ह्यांनी तो बाऊल माझ्याकडे अशा नजरेने सरकवला की बस. त्यानंतर चार दिवस ग्रेच्का. ग्रेच्का म्हणजे तो बकव्हीट, आपल्याकडे उपासाला कुट्टू खातात ना तोच, अख्खे दाणे शिजवून वर लोणी. ह्यांना इतका आवडला की सकाळ-संध्याकाळ तेच. टॉलस्टॉयही उतारवयात शाकाहारी झाला होता हे मी तेव्हाच सांगून टाकलं. पहिला मार्क तिथे मिळाला त्याला.

दिवस दुसरा : तुला शहर

मॉस्कोच्या कुर्स्की स्टेशनवरून 'लास्तोच्का' ही फास्ट ट्रेन पकडली, साधारण दोन तासात तुला शहर. गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोचली, ह्यांनी घड्याळ बघून मान डोलावली, म्हणजे फार झालं.

तुला म्हणजे समोवार (चहाचं पाणी उकळायचं नळाचं भांडं), प्र्यानिक आणि बंदुका. रशियनमध्ये म्हणच आहे, तुलाला जाताना स्वतःचा समोवार नेणं, म्हणजे आपलं नागपूरला संत्री नेणं. प्र्यानिक ही मसाल्याची गोड भाकरी म्हणा, वरती लाकडी साच्याची नक्षी, आत जॅम. फोडल्यावर सुंठ-लवंगेचा वास येतो, अगदी दिवाळीआधी स्वयंपाकघरात येतो तसा. त्यात अंडं असतं का ते आम्ही विचारलं नाही आणि तुम्हीही विचारू नका.

बंदुकांचं मात्र डोक्यातून जात नाही. 1712 मध्ये पीटर द ग्रेटने इथे शस्त्रांचा सरकारी कारखाना काढला, आणि शस्त्रांचं म्युझियम तर योद्ध्याच्या शिरस्त्राणाच्या आकाराचंच बांधलंय, लांबूनच दिसतं. रस्त्यात बसस्टॉपवर सैन्यभरतीची पोस्टर, रक्कम मोठ्या आकड्यात. आणि जगाला 'वाइटाचा प्रतिकार बळाने करू नका' असं सांगणारा माणूस इथून 14 किलोमीटरवर राहत होता. भाचा म्हणाला, "मावशी, हे इथे मोठ्याने बोलू नकोस." तेवढ्यावरच थांबले.

दिवस तिसरा : यास्नाया पोल्याना

यास्नाया पोल्याना म्हणजे टॉलस्टॉयचं घर आणि इस्टेट, आता म्युझियम. सोमवारी बंद असतं हे आधी बघून घ्या. तुलाहून टॅक्सी सरळ मिळते. आत मुख्य घर गाइडबरोबरच बघता येतं आणि बोलणं सगळं रशियनमध्ये, त्यामुळे वाचून जा नाहीतर भाचा न्या.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सात-आठ डिग्री, भुरभुर पाऊस. गेटबाहेर आज्ज्या बादल्या मांडून सफरचंदं विकत बसलेल्या. आंतोनोव्का नावाची जात, पिवळट हिरवी, चव कैरी आणि पेरूच्या मधली कुठेतरी. गेटमधून आत गेलं की डावीकडे तळं आणि सरळ बर्चच्या झाडांची लांब चढण. पांढरी खोडं, पिवळी पानं, खाली चिखल. ह्यांनी मफलर घट्ट केला आणि म्हणाले, "एवढी इस्टेट सोडून कशाला जायचं माणसाने?"

खरं तर तो जन्मला ते मोठं घर इथे नाहीच. तरुणपणी जुगारात पैसे घालवले त्यात ते घर विकलं गेलं, घेणाऱ्याने सुटं करून उचलून नेलं. आता जे दिसतं ती त्याची एक बाजूची इमारत, पुढे वाढवत नेलेली. बाहेर एक एल्मचं झाड आणि घंटा. गरिबांचं झाड. अडलेनडलेले तिथे बाकावर बसून राहायचे, मालक बाहेर येईपर्यंत. मूळ झाड गेलं, हे नंतरचं.

आत बुटांवर पिशव्या चढवून फिरायचं. मी तुम्हाला सगळ्या खोल्या सांगत बसत नाही, दोन-तीनच सांगते.

एक, त्याचं लिहायचं टेबल. त्याच्यापुढे खुर्ची इतकी बुटकी की मला वाटलं नातवाची असेल. त्याला लांबचं कमी दिसायचं पण चष्मा लावायचा नाही, मग डोळे कागदाजवळ यावेत म्हणून बुटकी खुर्ची. आणि टेबलावर दोन मेणबत्त्या, अर्धवट जळलेल्या. घर सोडलं त्या रात्री त्याने विझवल्या, त्या तशाच. मी आजवर कितीतरी मोठ्या माणसांची घरं बघितली, काठ्या, चष्मे, पलंग बघितले, पण विझवलेली मेणबत्ती बघून अंगावर काटा आला तो पहिल्यांदा. काळं झालेलं वातीचं टोक जरासं वाकडं आहे. बस एवढंच.

दुसरी, सोन्याची, म्हणजे बायकोची, खोली. भिंतभर फोटो, मुलांचे, नातवंडांचे, देवाच्या तसबिरी, पेट्या, डबे. त्याच्या खोलीत जागाच जागा आणि हिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. अठराव्या वर्षी लग्न करून आली, तो चौतीसचा. लग्नाआधी त्याने आपल्या डायऱ्या तिला वाचायला दिल्या, आधीच्या सगळ्या भानगडींसकट. तेरा बाळंतपणं, त्यातली आठ मुलं मोठी झाली. शिवाय रात्री बसून 'वॉर अँड पीस'च्या त्याच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरातल्या पानांची सुवाच्य प्रत करायची, तो त्यावर परत खाडाखोड करणार, हिने परत लिहायचं.

आणि मग म्हातारपणी नवरा म्हणणार, मालमत्ता हे पाप आहे.

इथे आमचं भांडण झालं, घराच्या पायऱ्यांवरच. हे म्हणाले, "तुकोबांनीही कर्जखतं इंद्रायणीत बुडवली." मी म्हटलं, "आणि आवलीने काय खायचं?" हे म्हणाले, "सगळी नाही बुडवली, निम्मी. भावाच्या वाटणीची भावाला देऊन टाकली, फक्त स्वतःची बुडवली." मग मी सांगितलं की टॉलस्टॉयनेही आधी अगदी तसंच केलं होतं. 1881 च्या आधीच्या पुस्तकांचे हक्क बायकोकडे, 'वॉर अँड पीस', 'ॲना कॅरेनिना' त्यातच, त्यावर घर चालत होतं. नंतरचं सगळं जगाला फुकट. एवढ्यावर राहिलं असतं तर निभलं असतं. पण 1910 च्या जुलैत चेर्त्कोवच्या माणसांनी त्याच्याकडून जंगलात, झाडाच्या बुंध्यावर बसवून, गुपचूप मृत्युपत्रावर सही घेतली. सगळं साशाच्या नावे, कारभार चेर्त्कोवचा. बायकोला पत्ता नाही. पत्ता नाही पण संशय तर येणारच ना, अठ्ठेचाळीस वर्षं एका घरात काढलेल्या बाईला?

हे जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "जंगलात जाऊन सही करणं काही बरोबर नाही." दुसरा मार्क मला.

पारिनीने हेच फार छान केलंय. सोन्या त्याच्याकडे नुसती कजाग बाई नाही. हेरगिरी करते, कपाटं उचकते, आदळआपट करते, वाचताना आपल्यालाही तिचा वैताग येतो, आणि तरी तिच्या प्रकरणात शिरलं की तिच्या बाजूने रडू येतं. आवलीला कोणी अशी प्रकरणं दिली असती तर काय झालं असतं असं मला सारखं वाटत राहिलं. भंडाऱ्याच्या डोंगरावर ती भाकरी घेऊन चढायची, एवढंच आपल्याला माहिती. चढताना मनात काय म्हणायची ते कोण लिहिणार.

थडगं जंगलात आहे, घरापासून पंधरा-वीस मिनिटं चालत. एका घळीच्या कडेला मातीचा लांबट उंचवटा, वर गवत. क्रॉस नाही, दगड नाही, नाव नाही. लहानपणी थोरला भाऊ निकोलाय सांगायचा की इथे एक हिरवी काठी पुरलीय, तिच्यावर सगळी माणसं सुखी कशी होतील त्याचं गुपित लिहिलंय. म्हणून इथेच पुरा, म्हणाला. चर्चने 1901 मध्येच बहिष्कृत केलेलं, त्यामुळे धर्मगुरूशिवाय अंत्यविधी. 1941 मध्ये जर्मन सैन्य इथे 45 दिवस होतं, त्यांनी आपले मेलेले सैनिक याच्याच शेजारी पुरले होते, नंतर ते हलवले. शांत राहा अशी पाटी आहे, लोक खरंच शांत राहतात. ह्यांनी खिशातून हात काढून नमस्कार केला, माळेला हात लावून, नेहमीसारखा.

गेटबाहेर 'प्रेश्पेक्ट' नावाचं कॅफे आहे, तिथे आंकेचा पाय (इंग्रजीतला 'pie') खा. लिंबाचा आंबटगोड केक, सोन्याच्या पाककृतींच्या वहीतला, घरच्या डॉक्टरमित्राच्या नावाचा. त्या घरात हा पाय म्हणजे सुखवस्तूपणाची खूणच होऊन बसली होती, टॉलस्टॉयला तेच तर नको होतं. मी दोन खाल्ले.

दिवस चौथा : फुकट गेलेला

ठरलं होतं ऑप्तिना मठ आणि शामोर्दिनो. जुन्या कॅलेंडरने 28 ऑक्टोबर, आपल्या हिशोबाने 10 नोव्हेंबरच्या पहाटे टॉलस्टॉय माकोवित्स्कीला घेऊन निघाला (अंधारात टोपी हरवली, ती शोधत बसला, हे मला फार आवडतं), तो आधी ऑप्तिनाला, मग शामोर्दिनोच्या मठात, तिथे त्याची बहीण मारिया जोगीण होती. पण ठरवलेला गाडीवाला आलाच नाही. अकरापर्यंत फोन उचलत नव्हता, मग म्हणाला गाडी बिघडली. आगाऊ दिलेले पैसे गेले. टीप : आगाऊ देऊ नका.

मी चिडून हॉटेलवर झोपले आणि काका-भाचे कोझलोवा झासेका स्टेशन बघायला गेले, यास्नाया पोल्यानापासून जवळच, जुन्या काळासारखं सजवून ठेवलंय. तो वारला त्या आस्तापोवो स्टेशनाहून शव आणलं ते इथेच उतरवलं. संध्याकाळी हे आले ते उजळलेला चेहरा घेऊन. तिकीट खिडकी कशी, घंटा कशी, सामानाची खोली कशी, मला अर्धा तास ऐकवलं. आणि जेवताना एकदम, "तो आस्तापोवोचा स्टेशनमास्तर कोण होता म्हणालीस?"

ओझोलिन. इव्हान ओझोलिन.

दिवस पाचवा : आस्तापोवो

दुसरा ड्रायव्हर, साठीचा, वेळेआधी हजर, बोलणं शून्य. जवळजवळ चार तास. बाहेर सपाट काळी जमीन, शेताच्या कडेला बीटाचे ढीग. हे म्हणाले, "अहमदनगरची काळी रानं याच्यापुढे काहीच नाही."

गावाचं नाव आता लेव तल्स्तोय आणि स्टेशनचंही तेच. छोटंसं. प्लॅटफॉर्मवर आम्ही तिघं, एक कुत्रं आणि झाडूवाली बाई. स्टेशनच्या घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं, कायमची. 7 नोव्हेंबर, आपल्या हिशोबाने 20 नोव्हेंबर 1910, पहाटे. हे त्या घड्याळाखाली उभे राहिले आणि सवयीने आपलं घड्याळ बघितलं, मग स्वतःलाच हसले.

झालं असं की शामोर्दिनोहून तो दक्षिणेकडे निघाला, गाडीत ताप चढला, न्यूमोनिया. आस्तापोवोला उतरवावं लागलं. गावात हॉटेल नाही. माकोवित्स्की स्टेशनमास्तरकडे गेला आणि म्हणाला, गाडीत टॉलस्टॉय आजारी आहे, कुठे ठेवता येईल का. ओझोलिनने आपलं क्वार्टर दिलं. बायकामुलं असलेलं राहतं क्वार्टर. एका रात्रीसाठी नाही, सात दिवस. नंतर तर डॉक्टर, मुलं, चेर्त्कोव, पोलीस, जगभरचे पत्रकार, पाथे या फ्रेंच फिल्म कंपनीचा सिनेमावाला, सगळं जग त्या स्टेशनवर उतरलं.

ते घर आता म्युझियम आहे. पलंग, टेबल, औषधाच्या बाटल्या, मोजक्याच वस्तू. मी पलंगाकडे बघत होते आणि हे भाच्याला धरून तिथल्या बाईंना प्रश्नावर प्रश्न. पॉइंट्समन किती होते. तारांना किती माणसं. सोन्याची स्पेशल आली ती कुठल्या लाइनवर घेतली. बाई आधी गोंधळल्या, मग भाच्याने सांगितलं की काका स्वतः स्टेशनमास्तर होते, भारतात. त्यांनी हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ह्यांचा हात दोन्ही हातात धरला. मग काय, आमचा ग्रुप संपून दुसरा आला तरी ह्यांचं चालूच.

"अगं, विचार कर," हे मला नंतर बाकावर सांगत होते, "हा माणूस ड्यूटीवर आहे. गाड्या थांबत नाहीत. वरून सरकारचं दडपण, गव्हर्नरची माणसं, साध्या वेषातले पोलीस. तारांचा ढीग. क्वार्टरमध्ये पेशंट. आणि हा लाइन क्लिअर देतोय. माझ्या स्टेशनवर एकदा एक बाळंतीण उतरवली होती तर मला दोन दिवस झोप नव्हती." ही बाळंतिणीची गोष्ट मला 31 वर्षांत पहिल्यांदा कळली. विचारलं तर म्हणाले, आपल्याच क्वार्टरमध्ये ठेवली होती, तू माहेरी होतीस.

सोन्या स्पेशल ट्रेन करून आली ती सायडिंगला डब्यातच राहिली. तिला आत घेतलं नाही, तो बघून बिथरेल म्हणून. तिने घरून एक छोटी उशी आणली होती, ती मात्र आत गेली. त्याने ओळखली. कुठून आली विचारलं, तर माकोवित्स्कीने सांगितलं की थोरल्या मुलीने, तात्यानाने आणली. बायको शंभर पावलांवर आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. शुद्ध गेल्यावर तिला आत सोडलं, अगदी शेवटी. त्याआधी ती खिडकीला नाक लावून आत बघत होती, त्याचा फोटो आहे, पाठमोरी, डोक्याला गुंडाळलेलं.

मी त्या खिडकीबाहेर जाऊन उभी राहिले. काचेत आभाळ दिसतं, आतलं काही दिसत नाही, कपाळावर हात धरून काचेला टेकावं लागतं तेव्हा कुठे पलंगाची कड दिसते. भाच्याने मोबाइल काढला, "मावशी, फोटो?" मी नको म्हटलं.

जाणाऱ्यांसाठी : इथे इंग्रजी शून्य, खायला काही नाही, डबा न्या. ट्रेनच्या भरवशावर येऊ नका, गाडी करूनच या आणि परतीची थांबवून ठेवा. म्युझियमची वेळ आधी फोन करून विचारा. टॉयलेट स्टेशनच्या बाजूला, चांगलं आहे.

निघताना म्युझियमच्या बाईंनी ह्यांना आपल्या अंगणातली सहा सफरचंदं दिली. ह्यांनी बदल्यात काय द्यावं म्हणून खिसे चाचपले आणि शेवटी बुक्क्याची पुडी काढून भाच्याला म्हणाले, सांग त्यांना, पंढरपूरची आहे. भाच्याने काय सांगितलं देव जाणे, बाईंनी ती पदरात घ्यावी तशी रुमालात बांधून घेतली.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. ड्रायव्हर गप्प, भाचा झोपलेला. हे म्हणाले, "ते पुस्तक काढ जरा. स्टेशनमास्तरचं काय लिहिलंय बघू." मी मोबाइलच्या उजेडात पान काढून दिलं. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत, सावकाश वाचलं. पान उलटलं. परत मागचं पान बघितलं.

"एवढंच?" म्हणाले.